शैलाताईंची मलमं

दहावीच्या मुलींना आम्ल आणि आम्लारी शिकवणारी बाई चेहऱ्याला लावायच्या बाटलीपुढे इतकी भोळी होऊ शकते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला पटलं नसतं. शैलाताई विज्ञान शिकवत आणि मी मराठी. अकोल्याच्या त्या मुलींच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. या शेजारापायी माझं डोकं जितकं फिरलं, तितकं ते माझ्या सासरच्या माणसांनीही कधी फिरवलं नाही.

बाई दिसायला चांगल्या होत्या, हे आधी सांगते. उंच, सावळ्या, नाकीडोळी नीटस. आवाज असा, की त्या आठवीच्या वर्गात रागावल्या की माझ्या नववीतल्या मुली ताठ बसायच्या. त्या चेहऱ्याला काही लावायची गरजच नव्हती. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. कोणतीही नवी बाटली आली की मधल्या सुट्टीत चष्मा नाकावर ओढून त्या तिच्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचत.

"ॲक्वा. म्हंजे पाणी. ग्लिसरीन. थे तं आपल्या लॅबमंदी बाटलीभर पडलं हाय."

"मंग काहून घेतलं?" मी विचारायची.

"ह्याइचं पाणी येगळं असंन वं."

"पाणी काहून येगळं असंन? तुमीच शिकवता ना पोरींना पाण्याचं सूत्र?"

"सुनंदा, इतके पैसे घेऊन राह्यले तं काहीतरी असंनच ना त्याच्यात. लोकं काय पागल हायेत?"

या 'काहीतरी असंनच'वर त्यांचा सगळा कारभार चालायचा. स्वस्त वस्तूवर त्यांचा विश्वासच बसत नसे. तीच वस्तू काचेच्या जड बाटलीत, सोनेरी झाकणाखाली आली की त्यांच्यातली विज्ञानाची शिक्षिका उठून बाहेर जायची आणि आत फक्त गिऱ्हाईक उरायचं.

उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुटायची साडेअकराला. अकोल्याचं एप्रिलमधलं ऊन अकोल्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. निघायच्या आधी शैलाताई आरशासमोर बसून उन्हापासून वाचवणारं एक परदेशी मलम चेहऱ्याला लावत. बाटलीवर लिहिलं होतं दोन बोटं भरून घ्या, तर बाई महाग आहे म्हणून मुगाच्या दाण्याएवढं घेणार. ते मन लावून कपाळापासून हनुवटीपर्यंत पसरवणार. आणि मग गाडीवर बसण्याआधी वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईप्रमाणे सुती दुपट्टा डोक्यावरून, गालांवरून, नाकावरून गच्च गुंडाळून मागे गाठ मारणार. घरी पोचेपर्यंत ते सगळं मलम दुपट्ट्याने टिपून घेतलेलं असायचं.

"शैलाताई, तुमचा दुपट्टा गोरा होऊन राह्यला," मी म्हणाले.

"दुपट्टा नाही बांधला तं तोंड भाजीन ना बाप्पा."

"मंग मलम काहून लावता?"

"थे दुपट्ट्यातून ऊन येते त्याच्यासाठी."

मी तहानले नसतानाही माठातलं पाणी प्यायला गेले.

मलमाची नळी संपली की ती संपली असं शैलाताई मानत नसत. प्रयोगशाळेतली कात्री आणून ती उभी चिरायची आणि रसायनं काढायच्या चमच्याने आतलं खरवडायचं. मग त्यात थोडं पाणी घालून दोन दिवस आणखी. रिकाम्या डब्या स्वयंपाकघरात जायच्या. त्यांच्या फडताळात फ्रेंच अक्षरांच्या डब्यांतून मोहरी, ओवा आणि हिंग असे. घेताना हात सैल आणि लावताना घट्ट, त्यामुळे कोणतंच मलम खरंच काम करतं का, याचा निकाल त्यांच्या घरी कधी लागलाच नाही. अर्ध्या बाटल्या मुदत संपेपर्यंत शीतकपाटात दह्याच्या मागे उभ्या असायच्या. लग्नाकार्याला लावू, असं त्यांचं ठरलेलं असे.

एकच बाटली एका दमात संपली, ती महालक्ष्म्यांच्या वेळी.

त्यांच्या सासूबाईंची शिस्त होती, की घरात काहीही नवं आलं तर पहिलं देवाला. सासूबाई गेल्या, शिस्त राहिली. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, त्याच संध्याकाळी शैलाताईंचं चेहरा उजळवणारं नवं सीरम आलं. व्हिटॅमिन सी असलेलं, चार आकडी किमतीचं, थेंबाथेंबाने काढायचं. बाईंनी पहिला थेंब नेऊन ज्येष्ठेच्या गालाला लावला. मुखवटे पितळेचे. चिंचेने घासून बसवले होते, पण पावसाळी हवेत एका रात्रीत त्यांच्यावर मळकट झाक येतेच. सकाळी बघतात तर ज्येष्ठेचा एक गाल झगझगीत आणि बाकी तोंड फिकं.

दुपारी जेवायला पन्नासेक माणसं येणार. बसवलेल्या महालक्ष्म्या हलवायच्या नसतात, त्यामुळे मुखवटे काढून पुन्हा चिंच लावायची सोय नाही. मी पुरणाला मदत करायला लवकर गेले होते. बाई स्टुलावर उभ्या राहून कापसाच्या बोळ्याने ज्येष्ठेचा दुसरा गाल पुसत होत्या. मग कपाळ, मग नाक. मग कनिष्ठा वाईट दिसायला लागली म्हणून तिचं सगळं तोंड. बाटली तळाला गेली. दुपारी येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "यंदा महालक्ष्म्या कशा तेजाळल्या वं!"

शैलाताईंनी पंगतीत वाढता वाढता मला कोपराने ढोसलं. "पाह्यलं? काम करते का नाही?"

"पितळेवर करते! चिंचही करते! ॲसिड हाय थे, तुमीच शिकवता!"

"तूच म्हणे ना, काही होत नाही म्हणून."

मी पुरणाचं पातेलं उचलून आत गेले. देवापुढे भांडण नको.

हे सगळं गमतीचं होतं आणि मी ते घरी रंगवून सांगत असे. गंमत संपली ती त्यांच्या कपाळावर डाग आला तेव्हा.

दोन भुवयांच्या मधोमध, टिकलीच्या जागी, डाळीएवढा पांढरा डाग. आमच्याकडे पांढऱ्या डागाचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही. 'कोड' हा शब्द दार लावून बोलायचा. ज्या घरात तो दिसला त्या घराशी सोयरीक करायची की नाही, यावर शिकलेली माणसंही खाली मान घालून कुजबुजतात. त्याने काही लागण होत नाही, माणूस तसाच ठणठणीत असतो, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही. शैलाताईंच्या मामेबहिणीचं ठरलेलं लग्न तिच्या आईच्या हातावरच्या डागापायी मोडलं होतं. शैलाताई तेव्हा शाळेत होत्या. मामीने हात पदराखाली धरून उरलेलं आयुष्य काढलं, ते त्यांनी पाहिलं होतं.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात त्यांच्या रेवतीचं जुळत आलं होतं. रेवती त्यांची एकुलती एक, पुण्याला नोकरी करणारी. मुलगाही पुण्यातलाच, पण घर वरूडचं, संत्र्याच्या बागा असलेलं. दोघांना एकमेकं पसंत होती. आता थोरांनी थोरांना भेटायचं राहिलं होतं.

"डॉक्टरले दाखवा," मी म्हणाले.

"इथं? त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर आपल्या शाळेतल्या किती पोरींच्या माया बसून राह्यतात, मालूम हाय काय तुले? संध्याकाळपर्यंत गावभर होईन."

"मंग पाहुण्याले सांगून टाका."

"तुले पोरगी नाही म्हणून बोलून राह्यली तू."

हे त्या बोलल्या आणि लगेच माझा हात धरला. मला राग आला होता, पण त्यांचा हात थंडगार होता. मी तो सोडवला नाही.

त्यांनी दोन उपाय केले. पहिला, टिकली मोठी घ्यायची. डाळीएवढीच्या जागी वाटाण्याएवढी मरून मखमली टिकली आली. आता या बाईंची एक तऱ्हा मला तोवर माहीत नव्हती. हजारोंची मलमं घेणाऱ्या या बाई टिकली मात्र एकच आठवडाभर चालवत. रात्री काढून न्हाणीतल्या आरशावर चिकटवायची, सकाळी तिथून उचलून पुन्हा कपाळावर. आपल्या घरोघरी हेच चालतं, त्यात नवल नाही. पण डाग टिकलीबाहेर डोकावू लागला, मग टिकली आणखी मोठी झाली. मग डाग आणखी पसरला. संक्रांतीपर्यंत कपाळावर रुपयाएवढी टिकली होती.

दुसरा उपाय होता मलम. त्यासाठी त्या मला घेऊन अमरावतीला गेल्या. राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात सगळीकडे आरसे आणि पांढरे दिवे होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या चेहऱ्यासमोर एक यंत्र धरलं आणि सांगितलं, "मॅम, आपकी स्किन की उम्र सडसठ साल है." शैलाताई तेव्हा छप्पन्नच्या होत्या. मी म्हणाले, उठा. बाई उठल्या नाहीत. त्या मुलीने डाग झाकणारी एक डबी काढली, घामाने जात नाही, पाण्याने जात नाही, सोळा तास टिकते असं सांगितलं, आणि किंमत सांगितली. सकाळीच स्टँडवर संत्री घेताना शेवटच्या दोन संत्र्यांवरून भांडलेल्या बाईंनी इथे घासाघीससुद्धा केली नाही. वर डबीचा रंग त्यांच्या रंगाहून दोन छटा उजळ होता. मी ते दाखवलं.

"उजळ आहे तेच बरं," त्या आरशात बघत शुद्ध मराठीत म्हणाल्या. दुकानात शिरल्या की त्यांची बोली बदलायची.

वरूडची मंडळी मुलगी पाहायला आली, तेव्हा मीही होते. शैलाताईंच्या कपाळावर रुपयाएवढी टिकली, तिच्याभोवती भाकरीच्या पिठासारखं पांढुरकं वर्तुळ, आणि बाकी चेहरा त्यांचा नेहमीचा सावळा. मुलाची आई ऐसपैस बाई होती, उन्हाने रापलेली, बागेत स्वतः उभी राहून मजुरांकडून तोड करून घेणारी. तिने चहा घेतला, रेवतीशी बोलली, एकदोनदा शैलाताईंच्या कपाळाकडे बघितलं आणि पोह्याची ताटली पुढे ओढली. जाताना म्हणाली, "आमाले पोरगी पसंत हाय." साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मे महिन्यात, अमरावतीला, असं ठरलं.

मंडळी गेल्यावर शैलाताई मला मिठी मारून म्हणाल्या, "पैसे वसूल झाले वं सुनंदा!"

मला मात्र त्या बाईची नजर आठवत राहिली. एप्रिलमध्ये डाग टिकलीच्या खालून नाकाकडे उतरायला लागला, तेव्हा मी ऐकलं नाही. अमरावतीला, जिथे कोणी ओळखणार नाही तिथे, मी त्यांना हाताला धरून त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी टिकली काढायला सांगितली, कपाळ पाहिलं, मग ती टिकली चिमट्यात धरून उलटी केली.

"ही रात्री कुठे असते?"

"आरशाले," शैलाताई म्हणाल्या.

"हे कोड नाही. टिकलीच्या गोंदाने कातडीचा रंग गेलाय. टिकली बंद करा. वरून काही लावू नका. रंग हळूहळू परत येईल. थोडा राहिला तर राहिला."

"आणि औषध?"

"हेच औषध."

मला तर तिथेच त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं. शैलाताई बाहेर आल्या त्या फुरंगटून. "काही दम नाही त्या डॉक्टरमंदी. काही लिहूनच नाही देल्लं."

"कोड नाही म्हणाला ना तो! अजून काय पायजे?"

"अवं पण लोकायले कसं समजंन? मी काय गळ्यात पाटी घालू, टिकलीनं झालं म्हणून? आणि साक्षगंधात पोरीची माय रिकाम्या कपाळानं उभी राहीन?"

मी रस्त्यात उभी राहून ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून पाहिलं एवढं सांगते. शैलाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साक्षगंध होऊ दे. मंग फेकतो सगळं."

साक्षगंधाच्या दिवशी पारा कुठे होता ते विचारू नका. बडनेरा रोडवरच्या हॉलमध्ये चार कूलर होते, आणि रेवतीची ओटी भरून होते न होते तोच वीज गेली. शैलाताई माझ्यापुढे दोन हातांवर, नवी पैठणी, कपाळावर मलमाचे दोन थर आणि त्यावर टिकली. गुरुजींनी विहिणींना समोरासमोर उभं केलं. वरूडच्या बाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि हात वर केला.

त्याच वेळी टिकली निसटली. मलमावर गोंद धरणार कसा, हे नववीतल्या मुलीनेही सांगितलं असतं. ती घामाबरोबर नाकावरून घसरली आणि पैठणीच्या पदरावर जाऊन बसली. मलमाचे ओघळ दोन्ही भुवयांवरून खाली आले. मधोमध तो पांढरा डाग, सगळ्या पाहुण्यांसमोर.

वरूडच्या बाईंचं कुंकवाचं बोट हवेत तसंच. शैलाताईंचा चेहरा मी पाहिला. आठवी-नववीच्या वर्गांना कापरं भरवणाऱ्या त्या बाई एखाद्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारख्या उभ्या होत्या.

"कोड नाही हे," त्या म्हणाल्या. "टिकलीनं झालं. डॉक्टर म्हणे. खरंच विहीणबाई, आईशप्पथ."

"असू द्या ना," वरूडच्या बाई म्हणाल्या. डाव्या हाताने त्यांनी आपला पदर घेतला आणि शैलाताईंचं कपाळ पुसायला लागल्या, लेकराचं तोंड पुसावं तसं. "मले तं तवाच दिसलं होतं, चहाले आल्तो तवा. थे भोवताली पांढरं फासलं होतं ना तुमी, त्याच्यानं तं अजून दिसे."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"खोटं काहून बोलू? घरी गेली तं मले झोप नाही आली. लोकं काय म्हणतीन, हेच डोस्क्यात. मंग पोराले म्हटलं. थो म्हणे, आई, रेवतीनं मले आधीच सांगतलं होतं, का माह्या आईले कोड असू शकते, चालत असंन तं पुढं बोलू. थो चालते म्हणे. मंग म्या काय बोलाव?"

शैलाताईंनी रेवतीकडे पाहिलं. रेवती पाटावर खाली मान घालून बसली होती, आणि तिच्या मांडीवरच्या नारळावर टपटप पाणी पडत होतं.

"तू मले काहून नाही सांगतलं वं?"

"तू इतकी मेहनत घेत होतीस आई."

"मंग मी थो एवढा महागाचा डबा काहून घेतला बाप्पा!" शैलाताई इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की मागच्या रांगेतली माणसंही हसली. त्याही हसल्या, मग रडल्या. वरूडच्या बाईंनी त्या डागाच्या जरा वर कुंकू टेकवलं आणि ओटी भरली. तेवढ्यात वीज आली.

मला वाटलं, चला, बाई सुटल्या. जेवताना बघते तर दोन्ही विहिणी डोक्याला डोकं लावून बसलेल्या, आणि शैलाताई विचारत होत्या, "तुमी चेहऱ्याले काय लावता? एवढ्या उन्हात बागेत राह्यता तरी कशी कातडी तुकतुकीत हाय तुमची."

"काय लावतो बाई? घाम येते तं पुसतो."

"नाही, काहीतरी असंनच."

मी पानातला लाडू तसाच ठेवून हात धुवायला उठले.

फोटोसाठी सगळ्यांना बोलावलं तेव्हा शैलाताई नळावर तोंड धुऊन आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही न लावता चारचौघांत पाहत होते. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, कपाळावरचा डाग येऊन राह्यला. टेन्शन नोका घेऊ, मागून काढून टाकीन. त्याचे पैसे नाही लागत."

इतकी वर्षं ज्यासाठी त्यांनी घर विकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, ते हा मुलगा फुकट देत होता.

"राहू दे," शैलाताई म्हणाल्या. "माहाच हाय थो."

त्यांनी पदर नीट केला, रेवतीला जवळ ओढलं आणि हनुवटी वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. इतकं सोपं होतं ते, आणि या बाईंनी मला किती रडवलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि डोळ्यांतल्या पाण्याने मला त्या नीट दिसतही नव्हत्या.